ग्रीक शोकांतिका: सुरुवात कुठून करायची?

सगळी नाटकं एकदम वाचायला घेऊ नकोस. आधी सोफोक्लीसचं 'ईडिपस': आधीच्या राजाचा खुनी शोधणाऱ्या राजाची गोष्ट. त्याचा पुलंनी केलेला मराठी अनुवाद 'राजा ओयदिपौस' मिळाला तर उत्तमच. शेवट आधीच कळला म्हणून हिरमुसू नकोस, अथेन्सच्या प्रेक्षकांनाही कथा ठाऊक असायची. खुनी कोण, यात मजा नाहीच. म्हातारा धनगर आता भयंकर काही बोलावं लागणार म्हणून अडखळतो आणि राजा म्हणतो, मलाही ते ऐकावंच लागणार. तिथे थांब, पुन्हा वाच. सत्य हवंच, हा हट्टच त्याला बुडवतो.

नव्याने वाचणारे हमखास चुकतात ते इथे:

- सोफोक्लीसच्याच 'अँटिगनी'त, तिच्या भावाच्या अंत्यसंस्काराला बंदी घालणाऱ्या राजा क्रेऑनला खलनायक ठरवून मोकळं होणं. त्याची बाजूही नीट ऐक.
- कोरस, म्हणजे घटनांवर गाण्यांतून बोलणारा समूह, गाळणं. मीही गाळला होता, अर्धं नाटक हुकलं.
- न्याय म्हणजे दोषीला शिक्षा, असं धरून चालणं. एस्किलसच्या 'ओरेस्तेइया' या नाट्यत्रयीत (इ.स.पू. 458) खुनाचा बदला खुनानेच घेतला जातो. शेवटी देवी अथेना न्यायसभा बसवते, मतं समसमान पडतात आणि आईला मारणारा ओरेस्टीस सुटतो! पटतंय का, ते तूच ठरव.

शोकांतिकेचं शास्त्र मांडणारा ॲरिस्टॉटल सध्या कपाटातच राहू दे.