नवीन सोल गाणी जुनी का वाटतात, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, १९६० च्या दशकात गाजलेलं भावपूर्ण संगीत. नवी गाणी तशी वाटण्याचं मुख्य कारण रेकॉर्डिंगची जुनी पद्धत. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डॅपटोन रेकॉर्ड्स या कंपनीने २००१ पासून हाच रस्ता धरला: संगणकाऐवजी टेप मशीन, मोजकेच ट्रॅक (टेपवरचे आवाजाचे वेगवेगळे पट्टे), आणि वादक एकाच खोलीत एकत्र वाजवणारे. ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्येही थोडा शिरतो. तो नंतर वेगळा काढता येत नाही, म्हणून सगळा बँड एकजीव ऐकू येतो. नुसता खरखरीचा इफेक्ट लावून हे साधत नाही, आणि तशी नक्कल दोन मिनिटांत कंटाळा आणते.

सुरुवात डॅपटोनची गायिका शेरॉन जोन्सपासून करा. तिच्या साथीच्या डॅप-किंग्ज बँडचे वादक २००६ मध्ये एमी वाइनहाउसच्या 'बॅक टू ब्लॅक' या अल्बममध्येही वाजले आहेत. मग गायक चार्ल्स ब्रॅडली. त्याचा पहिला अल्बम २०११ मध्ये आला, तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. त्याचा तो फाटका, आर्त आवाज ऐकला की 'रेट्रो' हा शिक्का अपुरा वाटतो. तो माणूस आपलं आयुष्य गात होता.

अलीकडचं हवं असेल तर सॅन डिएगोचा बँड दी सेक्रेड सोल्स: २०२२ चा पहिला अल्बम, मग २०२४ चा दुसरा. संथ ताल, कोवळा वरच्या पट्टीतला आवाज, मागे हळुवार कोरस. ड्युरँड जोन्स अँड दी इंडिकेशन्स हा बँडही जरूर ऐका. त्यांचा ड्रमर ॲरन फ्रेझर फार सुंदर गातो.

शक्यतो हेडफोनवर ऐका, बेसकडे लक्ष ठेवून.