डीएनए लस: घोड्यांना मिळाली, माणसांचं काय?

प्रश्न: डीएनए लशीत नेमकं काय टोचतात? विषाणूच का?

नाही. टोचतात ते प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूंत वाढवून शुद्ध केलेलं डीएनएचं छोटं कडं. त्यावर विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचं जनुक बसवलेलं असतं. आपल्या पेशी त्यावरून ते प्रथिन बनवतात आणि प्रतिकारशक्तीला त्याची ओळख पटते. लशीत अख्खा विषाणू नसल्यामुळे तिच्यातून रोग होत नाही.

प्रश्न: डासांमुळे होणाऱ्या रोगांवर अशी लस निघाली आहे का?

निघाली, पण घोड्यांसाठी! वेस्ट नाईल विषाणूवरच्या या लशीला अमेरिकेत 2005 मध्ये परवाना मिळाला. माणसांत झिका, डेंगी आणि वेस्ट नाईलवर चाचण्या झाल्या. बाजारात मात्र एकही आली नाही. अडचण पेशीच्या दारातच आहे. डीएनएला पेशीचं आवरण ओलांडून थेट केंद्रकापर्यंत जावं लागतं आणि साध्या सुईने टोचलेलं बहुतेक डीएनए बाहेरच राहतं. म्हणून विजेचा सौम्य झटका देतात किंवा सुईविना दाबाने औषध त्वचेत सोडतात. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या झायकोव-डी या कोविडवरच्या डीएनए लशीला 2021 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आणि ती याच दुसऱ्या पद्धतीने द्यायची होती. उंदरांतलं यश माणसांत टिकेलच असं नाही, त्यामुळे ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ अशा मथळ्यांनी मी हुरळून जात नाही.

प्रश्न: डेंगीचीच लस इतकी का रखडते?

कारण डेंगीचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडायला शरीराने बनवलेली प्रथिनं, दुसऱ्याला चिकटतात, पण कधी कधी निकामी करत नाहीत. मग पांढऱ्या पेशी ती जोडी आत ओढून घेतात आणि विषाणू तिथेच वाढतो. चोराला बेडी न घालताच घरात घेण्यासारखं. फिलिपिन्समध्ये 8 लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही डेंगीची लस दिल्यानंतर, ज्यांना आधी डेंगी झालाच नव्हता त्यांना गंभीर आजाराचा धोका वाढतो, असं 2017 मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं. ती डीएनए लस नव्हती, पण धडा सगळ्यांनाच लागू आहे. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधल्या संशोधकांनी डीएनए लस रचताना आवरण-प्रथिन अख्खं न घेता चारही प्रकारांमधला त्याचा एक निवडक भाग घेतला आणि जोडीला एनएस1 हे विषाणूचंच, पण आवरणात नसलेलं प्रथिन. मला ही दिशा पटते. नको ती प्रतिपिंडं मुळात कमी तयार व्हावीत, हा त्यामागचा विचार.

प्रश्न: मुलाला गेल्या वर्षी डेंगी झाला. लशीसाठी थांबू का?

डीएनए लशीची वाट पाहू नका. पुढे वेगळ्या प्रकारच्या विषाणूमुळे डेंगी झाला, तर तो अधिक गंभीर होऊ शकतो. पुन्हा ताप आला तर डॉक्टरांना गेल्या वर्षीचा आजार आवर्जून सांगा. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. ताप उतरताना पोटात खूप दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच रुग्णालय गाठा.