आधी आक्का, मग माइक

"ताई, मी मूळचा श्रीरामपूरकडचा. नोकरीमुळे १४ वर्षं वास्कोत आहे. आम्ही कॅथलिक. ९ वर्षांपूर्वी वडील वारले, आई त्याआधीच गेली होती. पाटपाण्याची ४ एकर जमीन होती. त्या वेळी आक्काची हक्कसोड पत्रावर सही झाली. तिला तो बँकेचा कागद वाटला. पुढे १ एकर विकून इथल्या फ्लॅटचे पैसे भरले, ३ एकर खंडाने दिली आहे. दोन वर्षांपूर्वी दाजी गेले. आक्का अजूनही दर मे महिन्यात कुरडयांचा डबा पाठवते. तो मी उघडत नाही, बायको उघडते. दर उपवासकाळात पापनिवेदनाला जातो, पण राग, खोटं बोलणं एवढंच सांगून उठतो. आता आमच्या प्रार्थना गटाचे प्रमुख म्हणतात, सगळ्यांसमोर उभा राहून साक्ष दे, बंधनातून मोकळा होशील. बायको म्हणते, पुरलेलं उकरू नका. मला फक्त मोकळं व्हायचंय. काय करू? ता. क. गायनवृंदात असल्यामुळे पॅरिशचे फादर ओळखतात, तोंड कसं दाखवू? शिवाय कोंकणीत नीट सांगता येत नाही."
— एक वाचक, वास्को

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. "आक्काची सही झाली" या शब्दांखाली रेघ मारली. सही झाली म्हणजे काय हो? पाऊस झाला, उशीर झाला, तशी? सही घेतली जाते, आणि ती कुणीतरी घेतो. पुढचं वाक्य तर त्याहून सफाईदार आहे, "तिला तो बँकेचा कागद वाटला." तिला वाटला, की तसं सांगितलं? नऊ वर्षं तुम्ही फादरांपुढे जे केलंत तेच या पत्रातही केलंत. सगळं सांगितलंत आणि स्वतःला तेवढं वगळलंत.

रागावू नका. पत्र लिहिलंत, नऊ वर्षांत पहिल्यांदा चार माणसांच्या भाषेत हे कागदावर आणलंत, याची मला किंमत आहे. पण चुचकारून तुमचा काही फायदा नाही.

मी हिंदू घरातली, शिकले मात्र बार्देशातल्या नन्सच्या शाळेत, आणि आमच्या अंगणाला लागून एका आंटीचं अंगण. तुमच्याकडे पापनिवेदन म्हणतात, इथे त्याला कुमसार म्हणतात. आंटी शनिवारी संध्याकाळी कुमसाराला जायची. एकदा चर्चमधून परतताना ती घरी न जाता थेट आमच्या पायरीवर आली आणि आईच्या हातावर दहा नारळांचे पैसे ठेवले. हद्दीवरचा माड आमचा होता, पाडेल्याला सांगून नारळ तिनं उतरवून घेतले होते. आईला पत्ताही नव्हता. आई म्हणाली, "असू दे गो, नारळाचं काय एवढं." आंटी म्हणाली, "तुका चलता, म्हाका चलना." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. कुमसार म्हणजे काय ते मला शाळेतल्या सिस्टरांपेक्षा त्या पायरीवर जास्त कळलं.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. फादरांना सांगणं, आक्कांना सांगणं आणि गटाला सांगणं. तिन्ही ठिकाणी सांगणंच आहे म्हणून ते एकच वाटतं. पण पहिलं देवाचं आहे, दुसरं आक्कांचं आहे, आणि तिसरं, स्पष्टच लिहिते, सध्या फक्त तुमचं आहे.

तिसऱ्याचा निकाल आधी लावू. साक्ष देऊ नका. निदान आत्ता तरी नाही. हातात माइक, समोर शंभर माणसं, कुणीतरी "हालेलुया" म्हणतो, तुमचे डोळे वाहतात, लोक मिठ्या मारतात. त्या रात्री तुम्हाला गाढ झोप लागेल, यात मला शंका नाही. आणि आक्का? त्यांच्याच जमिनीची गोष्ट त्यांच्याआधी शंभर परक्यांना कळलेली असेल. एखाद्याच्या मोबाईलवरून ती श्रीरामपूरला पोचायला एसटीही लागणार नाही. चर्चचा नियमही तुमच्याकडून चारचौघांतली कबुली मागत नाही. गटाच्या प्रमुखांचा हेतू चांगला असेल, पण घाई त्यांची आहे.

आता कुमसार. एका निवृत्त पाद्रींना तुमचं नाव-गाव न सांगता विचारून घेतलं. ते म्हणाले, विसरून राहिलेलं पाप वेगळं आणि जाणूनबुजून गिळलेलं वेगळं. गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर ते पापनिवेदन पुरं होत नाही. म्हणजे आता जाल तेव्हा जमिनीचं तर सांगायचंच, शिवाय इतकी वर्षं ते लपवलं हेही सांगायचं. गायनवृंदात असल्यामुळे पॅरिशचे फादर ओळखतात, तोंड कसं दाखवू, असं पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलंय तुम्ही. मग त्यांच्याकडेच जायला हवं असं कुठे आहे? दुसऱ्या चर्चमध्ये जा. जाळीमागे बसा. जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधीच्या नोवेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांत, २४ नोव्हेंबरपासून, इतकी माणसं येतात की तुम्ही कोण हे विचारायला कुणाला सवड नसते. पण तुम्ही काही तोवर थांबू नका. आणि ऐकलेलं फादर बाहेर बोलत नाहीत, ते नुसतं सज्जनपणामुळे नव्हे. चर्चच्या १९८३च्या कॅनन कायद्यात कबुलीची मोहोर अभंग ठरवली आहे. ती थेट मोडणारा पाद्री त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो.

कोंकणीत नीट सांगता येत नाही ही तुमची अडचण मात्र मी मानत नाही. मराठीत सांगा. याच गोव्यात, सासष्टीत, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं. मराठीची सबब इथे चारशे वर्षांपूर्वीच निकालात निघाली आहे.

पण भाऊ, फादर पापातून मोकळं करतील, सातबारा काही कोरा करणार नाहीत. तुम्हाला दिलेल्या प्रायश्चित्तात दहा प्रार्थना असतील, त्या म्हणाल. जमीन तशीच राहिली तर मनापासून पश्चात्ताप झालाय असं तुमचं तुम्हालाच पटणार नाही. तुम्ही बायबल वाचणारे, मी काय सांगायचं. पण वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाला, तुझ्या भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असं सांगितलंय ना? शाळेत सिस्टर ते शिकवायच्या तेव्हा "आधी" या शब्दावर बोट आपटायच्या. आणि येशूला पाहायला उंबरावर चढलेला तो जकातदार जक्कय, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. तुमच्याकडून चौपट कुणी मागत नाहीये.

हिशेब तर सरळ आहे. तुम्हाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. आई आधीच गेलेली, मृत्युपत्र असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे मुलगा आणि मुलगी सारखेच वाटेकरी. चारातले दोन एकर आक्कांचे. तुमच्याकडे तीन शिल्लक आहेत. दोन देता येतात, आजही. विकलेला एकर तुमच्या वाट्यातला धरा. उरला नऊ वर्षांच्या खंडाचा पैसा, त्यातला त्यांचा वाटा किती आणि कसा द्यायचा ते आक्का ठरवतील. बक्षीसपत्र करून त्याची नोंदणी आणि मग तलाठ्याकडे फेरफार, हे एखाद्या वकिलाला विचारून ठेवा, खर्चाचाही अंदाज घ्या. वकिलाला विचारा, पण वकिलाला पुढे पाठवू नका. आक्का तुमच्यावर फिर्याद करू शकतात हेही खरं आहे. ती भीती बाळगूनच जायचं आहे.

वहिनींना आधी सांगा. विचारू नका, सांगा. फ्लॅटचे हप्ते आहेत, मुलांची शिक्षणं आहेत, त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. फक्त उद्या आक्कांसमोर "हिनं अडवलं म्हणून उशीर झाला" असं तोंडातून निघता कामा नये. नऊ वर्षांपूर्वी कागद पुढे सरकवला तेव्हा तो वहिनींच्या हातात नव्हता.

मग रजा काढून गावी जा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत भेट होतेच म्हणून सप्टेंबरपर्यंत ढकलू नका. असलं काही गर्दीत सांगत नाहीत. त्यांच्या घरी, दुपारी, मुलं कामाला गेलेली असताना बसा आणि एवढंच म्हणा, "आक्का, बाबा गेल्यावर मी तुझी सही घेतली तो कागद बँकेचा नव्हता. हक्कसोड पत्र होतं. मला माहीत होतं."

शेवटचे तीन शब्द गाळू नका. सगळं त्या तिघांत आहे.

त्यानंतर गप्प बसा. त्याच बैठकीत माफी मागू नका. मागितलीत तर आक्का देऊन टाकतील, थोरल्या बहिणींना ती सवयच असते, आणि मग रात्रभर त्या एकट्याच जाग्या राहतील. त्या ओरडल्या तर ऐका. भाच्यांना बोलावून घेतलं तर त्यांच्यासमोर पुन्हा तेच सांगा. ऊठ म्हणाल्या तर उठा, पण त्या रात्री गावातच मुक्काम करा. सकाळी त्यांनी बोलावलं तर तुम्ही वास्कोच्या वाटेवर नसावं.

मोकळं कधी वाटेल, ते मला सांगता येणार नाही. कदाचित फादरांपुढून उठताना वाटेल, कदाचित फेरफारावर आक्कांचं नाव चढेल तेव्हा.

जाताना माळ्यावरचा कुरडयांचा डबा घेऊन जा. रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून इथले काजू भरा. पण डबा आधी काढू नका, नाहीतर आक्का चहा टाकायला उठतील आणि तुमचं बोलणं राहून जाईल.