कोऱ्या नावाची किंमत

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. विद्यार्थ्यांना पैशाचे व्यवहार शिकवण्यासाठी आठवड्याला एक तास मिळाला आहे. बचत आणि कर्ज आधी शिकवावे व ऑनलाइन ओळखचोरीचा विषय शेवटी घ्यावा, असा विचार आहे. मुलांकडे पैसेच नसतात, तर त्यांना या चोरीचा धोका कितपत असतो? – एक शिक्षिका

उत्तर : ओळखचोराला खात्यातील शिल्लकच हवी असते असे नाही, ज्या नावावर कर्ज उचलता येईल असे कोरे नावही त्याला हवे असते. विद्यार्थ्याच्या नावावर थकबाकीचा डाग नसतो आणि स्वतःचा पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरील कर्जे व त्यांच्या फेडीची नोंद, पाहण्याचे कारणही त्याला कित्येक वर्षे पडत नाही, त्यामुळे चोरी झालीच तर ती अनेकदा त्याने स्वतः कर्जासाठी पहिला अर्ज केल्यावर उघडकीस येते. म्हणून हे दोन विषय वेगळे ठेवू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सुरुवात व्याजापासून करावी. दरमहा 3 टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु चक्रवाढीने तो वर्षाला 36 नव्हे, तर सुमारे 42.6 टक्के होतो आणि काहीच फेड केली नाही तर 24 महिन्यांत कर्ज दुपटीच्या वर जाते. हा हिशेब मुलांना स्वतः, महिन्यामागून महिना, वहीत करायला लावावा. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : हे कर्ज आपण घेतलेलेच नसेल आणि तरीही आपल्या नावावर वाढत असेल तर? इथे ओळखचोरीचा धडा आपोआप सुरू होतो.

मग ओळख कशाकशाची बनलेली असते ते पाहावे. जन्मतारीख, पहिली शाळा, आईचे माहेरचे आडनाव ही माहिती मुले गमतीच्या प्रश्नमंजूषांत सहज भरतात, आणि खाते परत मिळवताना विचारले जाणारे सुरक्षाप्रश्नही बहुधा हेच असतात. मात्र वर्गातील सरावासाठी काल्पनिक व्यक्तीचीच माहिती वापरावी. खरी जन्मतारीख किंवा खरे ओळखपत्र मागून घेतलेला सराव नेमकी चुकीची सवय लावतो.

सर्वांत अधिक वेळ मात्र फसल्यानंतर काय करायचे यासाठी राखून ठेवा, कारण रागावतील या भीतीने मुले गप्प बसतात आणि तेवढ्यात नुकसान वाढते. आधी घरच्यांना सांगावे. बँकेला फोन करताना संदेशात आलेला क्रमांक न वापरता कार्डावर छापलेला वापरावा. इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलवरच येत असल्याने ईमेलचा पासवर्ड प्रथम बदलावा. आणि तक्रारीसाठी आलेले संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत.

प्रश्न : मुलीला दर महिन्याला पासवर्ड बदलायला सांगावे का? – एक पालक

उत्तर : गरज नाही. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने 2017च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. सक्ती झाली की माणसे जुन्याच शब्दापुढचा आकडा वाढवतात. पासवर्ड लांब असावा, प्रत्येक खात्याला वेगळा असावा आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकासारखी दुसरी खात्री, सुरू असावी. तो फुटल्याची शंका आली, तर मात्र त्याच क्षणी बदलावा.