कोविडमध्ये डाएटिशियनची प्रॅक्टिस खरंच चालली का? ऑनलाइन सुरू करायची तर फी कमी ठेवावी का?

तुम्ही लिहिलंय की डाएटेटिक्सचं एम.एस्सी. संपत आलंय आणि घरचे विचारतायत, पुन्हा तशी साथ आली तर डॉक्टरांचं चालेल, तुझं काय? शिवाय कुणीतरी सल्ला दिलाय की फोनवर नुसतं बोलायचंच तर आहे, फी निम्मी ठेव. हे दुसरं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

फी निम्मी ठेवू नका. का ते सांगते, जरा लांबेल.

मी सांगलीत प्रॅक्टिस करते. २०२० च्या मार्चमध्ये विश्रामबागेत एका पॉलिक्लिनिकमध्ये भाड्याच्या खोलीत बसायचे. पेशंट निम्मे शहरातले, निम्मे तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळकडून एसटीनं येणारे. मार्च संपता संपता इस्लामपुरात एकाच कुटुंबात रुग्ण सापडले आणि सगळा जिल्हा हादरला. लॉकडाऊन लागला, एसटी बंद, माझी खोलीही बंद. वजन कमी करायला येणारे एका रात्रीत गायब झाले. लग्नं पुढं गेली, जिम बंद, कुणाला पडलंय वजनाचं? उरले ते डायबेटिसचे, किडनीचे आणि गरोदर बायका. त्यांना मात्र माझी गरज आधीपेक्षा जास्त होती, कारण रोजचं फिरणं बंद झालं होतं, भाजी मिळेल तेव्हा मिळत होती आणि घरात बसून सगळं कुटुंब दिवसभर काही ना काही तळत होतं.

पॉलिक्लिनिकचे मालक स्वतः डॉक्टर. मी त्यांना म्हटलं, रिसेप्शनच्या वहीतले माझ्या पेशंटचे नंबर द्या, मी घरून फोनवर कन्सल्टेशन सुरू करते, फी तीच ठेवते. ते म्हणाले, "अहो मॅडम, फोनवर बोलायचे पैसे कसले? एक छापील चार्ट करून द्या, रिसेप्शनवरून सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप करू. डाएटमध्ये असं काय असतं?" खोलीचं भाडं मात्र चालूच होतं. तेव्हा मी वाद घातला नाही, नंबर घेतले आणि कामाला लागले. दिवाळीच्या सुमारास खोलीही सोडली. पण ते "डाएटमध्ये असं काय असतं" माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तुमच्या प्रश्नाच्या निमित्तानं त्याचं उत्तर देऊन टाकते.

२०२१ चा मे महिना. दुसरी लाट जोरात होती. तासगाव तालुक्यातून एका सुनेचा फोन आला. सासरे द्राक्षबागायतदार, पंचावन्न-साठीचे, ऑक्सिजनवर राहून नुकतेच घरी आलेले. "मॅडम, आबांना जेवणच जात न्हाई, हातपाय गळाल्यात, आणि सारखं पाणी मागत्यात. ताकदीचं काय द्यावं?" डायबेटिस आहे का विचारलं. म्हणाली, नाही, रोज सकाळी उपाशीपोटी शुगर बघतो, ११८ आली, डॉक्टरांचा कागद पण आहे त्याप्रमाणेच देतोय. कागदाचा फोटो मागवला. ज्यांनी मला छापील चार्टचा सल्ला दिला होता, त्यांच्याच पॉलिक्लिनिकचा कागद. भरपूर प्रथिनं घ्या, भरपूर फळं, फळांचे रस, सुकामेवा, शहाळं, हळदीचं दूध, दिवसातून दोनदा काढा. एवढंच. हा माणूस कोण, काय खातो, औषधं कोणती चालू आहेत, याचा त्यात मागमूस नाही.

मी तिला म्हटलं, काल सकाळी उठल्यापासून आबांनी काय काय तोंडात घातलं ते घड्याळाच्या काट्याप्रमाणं सांग. काढा गुळाचा, दोन वेळा. द्राक्षाचं घर, त्यामुळं बेदाणे वाटीनं. खजुराचे लाडू. मोसंबीचा रस, साखर घालून. शहाळं. दुधात हळद आणि मध. मात्र भाकरी चतकोर, आमटी दोन घोट, अंडं एक. म्हणजे पोटात दिवसभर साखर चाललेली आणि प्रथिनं नावालाच. मग गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवले. स्टेरॉइडची गोळी चालू होती, हळूहळू कमी करत नेण्याची, सकाळी एकदा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला सांगायला नको, सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडनं साखर चढते ती दुपारनंतर. उपाशीपोटीचा आकडा गोड बोलून फसवतो. ती रोज नेमानं बघत होती, पण चुकीच्या वेळी, कारण कागदावर वेळ लिहिलेलीच नव्हती.

म्हटलं, आज जेवणानंतर दोन तासांनी बघ आणि लगेच फोन कर. ३८६.

तो महिना म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचा होता. स्टेरॉइड आणि हाताबाहेर गेलेली साखर ही त्याची सगळ्यात मोठी कारणं. मी औषधाला हात लावला नाही, ते माझं काम नाही. ज्या फिजिशियनकडं आबा ऍडमिट होते त्यांना आकडा, वेळ आणि खाण्याचा तपशील असा तीन ओळींचा मेसेज केला. त्यांचा पंधरा मिनिटांत फोन आला. इन्सुलिन सुरू झालं आणि खाण्याचं माझ्यावर सोडलं.

मग खरं काम. वजन किती? घरात काटा नव्हता. बेदाण्याच्या शेडमध्ये क्रेट मोजायचा काटा होता, त्यावर धाकट्या मुलानं आबांना धरून उभं केलं आणि फोटो पाठवला. ६१ किलो, आजारपणाआधी सत्तरच्या वर होते. म्हणजे दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पोहोचवायची, आणि ज्याला चव नाही, वास नाही, चार घास खाल्ले की धाप लागते अशा माणसाला. त्यांच्या घरातली आमटीची वाटी केवढी आहे ते आधी काढलं. दोनशे मिलीच्या पाण्याच्या बाटलीनं वाटी भरायला लावली, दीडशेची निघाली. हे केल्याशिवाय "एक वाटी उसळ" या शब्दांना काही अर्थ नाही. दोन अंडी, घट्ट मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, दोन ग्लास दूध बिनसाखरेचं, दुपारी ताकात शेंगदाण्याचं कूट, रात्री मऊ ज्वारीची भाकरी दुधात नव्हे तर आमटीत कुस्करून. सहा वेळा, थोडं थोडं. गूळ, मध, बेदाणे, रस बंद. काढा हवाच असेल तर गुळाशिवाय, एकदा. चव लागत नव्हती म्हणून लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, कारण आंबट आणि खमंग त्यांना थोडं कळत होतं. सून रोज ताटाचा फोटो पाठवायची, जेवणाआधी एक आणि नंतर एक. नंतरचा महत्त्वाचा. ताटात काय वाढलं यापेक्षा काय उरलं, यावर मी दुसऱ्या दिवशीचं ठरवायचे.

स्टेरॉइड संपलं तशी साखर उतरली, पुढं इन्सुलिनही बंद झालं. त्याचं श्रेय फिजिशियनचं. पण दुपारची साखर बघायला लावणारा प्रश्न फोनवर विचारला गेला होता, पैसे घेऊन, पूर्ण फी घेऊन. फुकटच्या कागदानं तो विचारला नाही. "डाएटमध्ये असं काय असतं" याचं हे उत्तर. चार्टला किंमत नसते हे मलाही मान्य आहे. किंमत खोदून खोदून विचारण्याला असते, आणि ते फोनवरही तेवढंच कष्टाचं आहे. उलट जास्तच, कारण समोर माणूस नसतो, नखं, जीभ, पायाची सूज काही दिसत नाही, सगळं शब्दांतून काढावं लागतं.

छापील कागदानं काय होतं याचं आणखी एक सांगते. त्या दोन वर्षांत कोविड म्हटलं की शहाळं, असं सगळ्यांनीच धरलं होतं. डायलिसिसच्या पेशंटलासुद्धा. एका शहाळ्यात चारपाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. ज्याची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, त्याच्या हृदयाचे ठोके त्यानं बिघडतात. माझ्या प्रत्येक किडनीच्या पेशंटच्या घरी मी स्वतःहून फोन करून हे सांगितलं, आणि बऱ्याच घरांत शहाळी आणून ठेवलेली होती.

आणि अफवा. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकननं कोरोना होतो म्हणून लोकांनी चिकन-अंडी सोडली, पोल्ट्रीवाले देशोधडीला लागले, आणि नेमकं प्रथिनं लागायच्या वेळी घराघरांतली अंडी बंद झाली. पुढं ती यादी फिरली की अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं खा, विषाणू मरतो. त्यात लिंबाचा पीएच ९.९ आणि अव्होकाडोचा १५.६! पीएच सातच्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे अल्कलाइन. लिंबाचा दोनच्या आसपास असतो आणि नेहमीची पट्टी १४ लाच संपते. शिकलेले लोक मला ही यादी पाठवून विचारायचे, मॅडम हे बरोबर आहे ना? आपला निम्मा वेळ असल्या गोष्टी खोडण्यात जातो, तोही धरूनच फी ठरवायची असते.

तर प्रॅक्टिस चालली का? पहिले तीन-चार महिने उत्पन्न अगदीच बसलं. मग डिस्चार्ज झालेल्यांचे फोन सुरू झाले, आणि दिवाळीनंतर वजनवाले परत आले, आता पुण्या-मुंबईहून, दुबईहूनसुद्धा, कारण ऑनलाइनची सवय लोकांना लागली होती. जुलै २०२१ ला कृष्णेला पूर आला, सांगलीत पुन्हा सगळं ठप्प, तेव्हा माझं काम एक दिवस थांबलं नाही. पाणी ओसरेपर्यंत जतच्या पेशंटशी नेहमीसारखं बोलणं चालू होतं.

त्या काळात इम्युनिटीच्या पावडरी विकायच्या ऑफर मलाही आल्या, डब्यामागं कमिशन. ओळखीतल्या काही जणींनी घेतल्या. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ज्या दिवशी डबा विकाल त्या दिवशी तुमचा सल्ला डब्याच्या बाजूनं झुकतो, आणि पेशंटला ते कळतं. मग तो फीला कुरकुरतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

नोंदणीचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे जे सरकारी नियम आले ते नोंदणीकृत डॉक्टरांपुरते होते, आपला त्यात विचार नव्हता. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात डाएटिशियनचं नाव आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षा देऊन टाका, पुढं ढकलू नका. फोनवर काम करायचं तर नावापुढची ती दोन अक्षरं समोरच्याला आधी दिसतात. प्रत्येक कॉलची नोंद ठेवा, पेशंटची संमती मेसेजवर लिहून घ्या, औषधाबद्दल काही वाटलं तर पेशंटला स्वतः काही बदल सुचवू नका, डॉक्टरांना लिहा.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, माझ्या मिस्टरांचा पगार चालू होता. पहिल्या त्या महिन्यांत घर त्यावर चाललं, म्हणून मी फीवर ठाम राहू शकले. तुमच्यावर घर असेल तर सुरुवातीला हॉस्पिटलची नोकरी धरा आणि संध्याकाळी स्वतःचं करा. दोन, सगळंच फोनवर होत नाही. नाकातून नळीनं फीड चालू असलेला पेशंट, कुपोषित मूल, खाणंच टाकलेली मुलगी, यांना प्रत्यक्ष बघावं लागतं. तिथं मी आजही ऑनलाइन घेत नाही, जवळच्या हॉस्पिटलच्या डाएटिशियनकडं पाठवते.

आकडा विचाराल तर तुमच्या गावातला फिजिशियन पहिल्या तपासणीचे जे घेतो त्याच्या आसपास ठेवा, प्रत्यक्ष आणि फोन दोन्हीला एकच. यूपीआयनं आधी घ्या, कॉल नंतर. ज्याला परवडत नाही त्याची पूर्ण माफ करा. आबांच्या सुनेनं पहिल्याच दिवशी न मागता फी पाठवली होती, हे पॉलिक्लिनिकच्या त्या डॉक्टरांच्या माहितीसाठी. तुमच्या घरच्यांनाही वाचायला द्या.