डार्क सदर्न रॉक ऐकायला सुरुवात करतोयस? मग हे वाच

अरे वा, लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॉक बँडचा 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' अल्बम घेतलास, मस्त. पण पहिलं गाणं ऐकून "यात डार्क काय आहे?" असं म्हणून बंद करू नकोस, ते पार्टीचंच गाणंय, ब्रासबिस (ट्रम्पेटसारखी वाद्यं) सगळं. खरा अंधार दुसऱ्या गाण्यात, 'दॅट स्मेल'. बँडच्या गिटारिस्टने नशेत गाडी ओकच्या झाडावर घातली, त्यावर बँडचा गायक रॉनी व्हॅन झँटने आपल्याच पोरांना झापलंय, आणि मागून बायकांचा कोरस येतो तो अंगावर काटा आणतो.

सुरुवातीला एवढंच कर:
- मोबाईलच्या स्पीकरवर नको, साधे का होईना हेडफोन लाव. गिटार तीन आहेत, स्पीकरवर सगळ्याची खिचडी होते.
- पहिल्यांदा सोलो (गिटारचे एकट्याने वाजवलेले तुकडे) सोड, फक्त बास गिटार आणि ड्रम्स धर. गाणं घाईत नाहीये, दबकत चालतं, भीती तिथूनच येते.

नवीन लोकांची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक ओळीत बँडचा विमान अपघात शोधणं. अल्बम १७ ऑक्टोबर १९७७ ला आला, बँडचं विमान २० तारखेला अमेरिकेतल्या मिसिसिपीत कोसळलं, रॉनी आणि नवा गिटारिस्ट स्टीव्ह गेन्स दोघंही गेले. गाणी आधीचीच आहेत रे. कव्हरवर मात्र बँडभोवती ज्वाळा होत्या, त्या नंतर काढून मागची पार्श्वभूमी काळी केली.

ट्यूनिंग, अ‍ॅम्प वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. शेवटचं 'एन्ट नो गुड लाइफ' स्टीव्ह स्वतः गायलाय, ते रात्री ऐक आणि कसं वाटलं ते कळव.