‘ठीक आहे न ताई’ म्हणणाऱ्यांचा वाटा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन घेतली आहेत, नावं काढून टाकली. तिघांचं वय वेगळं, घर वेगळं, पण दुखणं मला एकच वाटलं म्हणून एकाच वेळी उत्तर देते आहे.

प्रश्न : ताई, मी नागपूरला मनीषनगरमधे राहते. आमच्या स्कीममधे चोवीस फ्लॅट आहेत आणि दोन वर्षांपासून मी सेक्रेटरी आहे, कोणीच तयार नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. यंदा नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पाण्याचे फार हाल झाले, दिवसाला एक टँकर आणि घरोघरी दोन-दोन कूलर. मी टाकीचं पाणी सोडायच्या वेळा ठरवून दिल्या तर ग्रुपवर पहिल्या मजल्यावरच्या काकाजींनी असं सुनावलं की माझे हातपाय थरथरायला लागले, मी घाबरून त्यांच्या लाइनची वेळ अर्धा तास वाढवून दिली. मग बाकीचे सुरू झाले. पार्किंगचंही तसंच, कडुनिंबाखालची सावलीची जागा जो जास्त ओरडतो त्याला. आता मेसेज टाकला की कोणी अंगठा दिला कोणी नाही दिला हेच पाहत बसते, रात्री झोप नाही. मिस्टर म्हणतात सोडून दे. मी तर सगळ्यांचं चांगलंच पाहून राहिली न, तरी सगळे नाराज काहून?

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात काकाजी आहेत, ग्रुप आहे, तुमची झोप आहे, पण एक माणूस नाही. तो अर्धा तास तुम्ही काकाजींना दिला तो कोणाच्या नळातला होता? टँकर तर एकच होता. म्हणजे वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी बादल्या त्या दिवशी भरल्या नसतील आणि त्यांनी ग्रुपवर एक अक्षर टाकलं नसेल. ते कोण हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही, कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. मला वाटतं तुमची झोप उडाली ती तिथे. ओरडणाऱ्याची भीती तर आहेच, पण आपण न ओरडणाऱ्याच्या वाट्यातून काढून ओरडणाऱ्याला दिलं हे मनाला आत कुठेतरी कळत असतं आणि ते रात्री बोलतं.

हे मी तुम्हाला शिकवायला म्हणून सांगत नाही, मी स्वतः हे केलेलं आहे. आई गेल्यावर तिच्या भांड्यांची वाटणी माझ्याकडे आली, मी वकील म्हणून. नागपूरच्या महाल भागातल्या घरी चटईवर सगळं मांडलं, पितळेचे गंज, गडवे, आणि पाणी भरायचा एक तांब्याचा गुंड ज्याला काठाजवळ पोचा होता. मोठी बहीण फुगणार हे मला पक्कं माहीत होतं म्हणून गुंड तिला दिला, मधल्या भावाची बायको बोलणारी म्हणून त्यांना जड गंज दिले, आणि धाकट्या भावाकडे पाहिलं तर तो म्हणाला, ठीक आहे न ताई. त्याला दोन गडवे आले. सगळे म्हणाले किती छान वाटणी केली, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. सहा वर्षांनी बोलता बोलता तो म्हणाला की नळ गेला की तो आणि आई मिळून विहिरीवरून पाणी आणायचे तो हाच गुंड, पोचा त्याच्याच हातून पडला होता. त्याला तो गुंड पाहिजे होता. मी विचारलंच नव्हतं. जो ठीक आहे म्हणतो त्याला विचारायचीच गरज नाही असं मी धरून चालले, कारण त्याच्या नाराजीची मला भीती नव्हती. लोकांना खूश ठेवायला निघालेला माणूस असाच वागतो, दिसायला सगळ्यांशी गोड आणि खरं पाहिलं तर गप्प बसणाऱ्यावर अन्याय, आणि हे मला पंचवीस वर्षं कोर्टात उभं राहूनही घरात दिसलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मन शांत ठेवायला मी तुम्हाला ध्यान वगैरे सांगणार नाही (करत असाल तर जरूर करा), मी सांगीन की आधी निकाल असा द्या ज्याच्यावर तुम्हाला रात्री झोपता येईल. कायद्यात नैसर्गिक न्याय म्हणून एक साधी गोष्ट आहे. दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, आपल्याच प्रकरणात आपण न्यायाधीश व्हायचं नाही, आणि जे ठरवलं त्याचं कारण सांगायचं. हायकोर्टापासून ग्रामपंचायतीपर्यंत चालतं ते चोवीस फ्लॅटांना चालायला काय हरकत आहे.

ऐकणं म्हणजे ग्रुपवरचं ऐकणं नाही हो. ग्रुपवर चार जण बोलतात आणि वीस जण वाचतात. एका संध्याकाळी वही घेऊन चोवीस दारं फिरा, प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारा, घरात माणसं किती, कूलर किती, कोणी आजारी किंवा लहान बाळ आहे का. काकाजींकडेही जा आणि त्यांच्याकडे जास्त वेळ बसा. होऊ शकतं की त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल आणि त्यांना खरंच जास्त पाणी लागत असेल, मग ते द्याच, पण गरजेकरता द्या, आवाजाकरता नको. सगळ्यांना सारखं मोजून दिलं म्हणजेच न्याय झाला असंही नाही, ज्या घरी म्हातारं माणूस आहे तिथे दोन बादल्या जास्त गेल्या तर कोणी समजदार माणूस हरकत घेत नाही, फक्त तो नियम उद्या दुसऱ्याच्या घरी तसंच झालं तर तिथेही लागू पाहिजे.

पार्किंगचं तर तुम्ही उगीच अंगावर घेतलं. आपल्या राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमधे (म्हणजे नमुना नियमांमधे) पण हेच आहे की जागेपेक्षा गाड्या जास्त असल्या तर चिठ्ठ्या काढा आणि वर्षापुरती जागा द्या. कडुनिंबाखालची जागा चिठ्ठीत टाका, लहान पोराच्या हाताने चिठ्ठी काढा, पुढच्या वर्षी परत. आणि तुमची स्वतःची गाडी त्याच चिठ्ठ्यांत असेल तर त्या दिवशी डबा तुमच्या हातात नको, दुसऱ्या कोणाला द्या. 1969 साली सुप्रीम कोर्टात क्रायपाक म्हणून खटला झाला होता, वनसेवेच्या निवडीचा, त्यात निवड समितीत बसलेले एक अधिकारी स्वतःच उमेदवार होते. स्वतःचं नाव आलं तेव्हा ते बाहेर गेले होते तरी कोर्टाने ती यादी रद्द केली, कारण ज्यांच्याशी स्पर्धा त्यांची नावं चर्चेला आली तेव्हा ते तिथेच बसून होते. त्यांनी मुद्दाम काही वाईट केलं हे सिद्ध करायची गरजच पडली नाही, माणसाचं मन आपल्याकडे झुकतं एवढं पुरे झालं. तुमचं मन तर दोन्हीकडे झुकतं, स्वतःकडे कमी आणि काकाजींच्या रागाकडे जास्त.

मग निकाल लिहा, कारणासकट, चार ओळीत. याला आम्ही कोर्टात बोलका आदेश म्हणतो. टँकर एवढ्या लिटरचा, घरं इतकी, वरच्या मजल्याला प्रेशर कमी म्हणून आधी, आजारी माणूस असलेल्या दोन घरांना जास्त, पंधरा दिवसांनी परत बघू. हे ग्रुपवर टाकून फोन बाजूला ठेवा. अंगठे मोजू नका असं मी म्हटलं तरी तुम्ही मोजणार, मला माहीत आहे, सवय आहे ती. पण मोजताना स्वतःला एक विचारा, मी तिसऱ्या मजल्यावर राहत असते, किंवा काकाजींच्याच जागी असते, आणि मला हाच कागद मिळाला असता तर मला हा अन्याय वाटला असता का? वाटला असता तर सकाळी बदला आणि चुकलं म्हणून ग्रुपवर सांगा, त्याच्यात लाज काही नाही. नसता वाटला तर काकाजींची नाराजी ही काकाजींकडे राहू द्या, त्यांनाही नाराज व्हायचा हक्क आहे. छातीत धडधड होईल, पहिले काही दिवस होईलच. पण ती धडधड आणि आधीची धडधड यात फरक असतो, तुमच्या तुम्हाला कळेल.

आणि चोवीसातलं एक घर तुमचंही आहे. रात्री नऊनंतर सोसायटीचा फोन घेणार नाही हे पण त्याच वहीत लिहा.

प्रश्न : आमचं महालात एकत्र कुटुंब, आम्ही तिघी जावा, मी मधली. महालक्ष्म्यांना तिन्ही दिवस मी मरमर करते, दोनशे पोळ्यांचं पुरण वाटून दंड भरून येतात, सोळा भाज्या चिरायच्या, आंबील, फुलोरा बांधायचा, पण पाहुणे आले की सासूबाई म्हणतात आमच्या मोठीने सगळं सांभाळलं. बारा वर्षं झाली. मी मनातल्या मनात जळून राहिली. एकदा तरी माझं नाव घ्यावं एवढंच.

उत्तर : तुमच्या या दुःखात दोन वेगळे हिशोब एकात मिसळले आहेत, एक कामाचा आणि एक कौतुकाचा. काम मोजता येतं, तिघींत वाटता येतं, जास्त झालं तर तोंडाने सांगता येतं. कौतुक सासूबाईंच्या तोंडात आहे, ते तुम्ही कितीही पुरण वाटलं तरी तुमच्या हातात येणार नाही. आणि मला भीती अशी वाटते की तुम्ही कौतुकाच्या आशेने दरवर्षी कामाचा वाटा स्वतःच वाढवत गेलात, कोणी सांगितलं नसताना फुलोराही अंगावर घेतला, आणि मग बारा वर्षांचं व्याज सासूबाईंकडून मागून राहिल्या. त्यांना तर मुद्दल घेतल्याचंही माहीत नाही.

या वर्षी महालक्ष्म्या यायच्या महिनाभर आधी तिघी एका दुपारी बसा, सगळी कामं कागदावर काढा, इतवारीतून किराणा आणण्यापासून शेवटच्या दिवशी मुखवटे पुसून ठेवण्यापर्यंत. मोठी काय करते तेही प्रामाणिकपणे लिहा. पैशाचा हिशोब, नातेवाईकांना फोन, भटजींची वेळ, सोवळ्याचं, हे दिसत नाही पण काम आहे आणि कदाचित सासूबाई त्याचंच कौतुक करत असतील. मग एक जण तीन वाटे पाडेल आणि बाकीच्या दोघी आधी उचलतील. भाऊ-भाऊ शेत वाटून घेताना जुनी माणसं असंच करायची, ज्याने वाटे पाडले त्याने शेवटी उचलायचं, मग तो वाटे आपोआप सारखे पाडतो. तुम्ही वाटे पाडा. जो वाटा उरेल तो तुमचा, आणि त्याच्याबाहेरचं एकही काम प्रेमाने करायचं असेल तरच करायचं, नाव घ्यावं म्हणून नाही.

अजून एक विचारते, रागवू नका. धाकट्या जावेने काय काय केलं हे पाहुण्यांसमोर तुम्ही कधी सांगितलं का? तिलाही पत्र लिहायची वेळ येऊ नये एवढंच. नावं घ्यायची सुरुवात सासूबाईंनीच केली पाहिजे असा काही नियम नाही, तुम्ही पंगतीत मोठ्याने म्हणू शकता की कढी धाकटीने केली आणि सगळी जमवाजमव मोठ्या ताईंची. तुमचं नाव कोणी घेईल न घेईल, पण तुमच्यापुरता त्या घरातला हिशोब त्या दिवशी बरोबर असेल.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हिंगणा रोडला रूम करून राहतो. मी आधी फार लोकांचं मनावर घ्यायचो. मग रील्सवर स्टोइक लोकांचं, म्हणजे त्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांचं, पाहिलं की जे आपल्या हातात नाही ते सोडून द्यायचं. आता मला कोणी काही बोललं तरी फरक पडत नाही. पण प्रोजेक्टच्या ग्रुपमधले दोन मित्र बोलत नाहीत, म्हणतात तू बदलला. मी चुकलो का?

उत्तर : बेटा, रीलमधे अर्धंच आलं. स्टोइक लोकांची सुरुवात अथेन्समधे इसवी सनापूर्वी 300 च्या आसपास झाली आणि त्यांनी चार गुण मानले, शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय. न्याय काढून टाकला तर उरलेल्यातून फक्त निगरगट्ट माणूस तयार होतो. एपिक्टेटस हा त्यांच्यातला मोठा शिक्षक, गुलाम म्हणून वाढलेला, हातात काय आहे आणि काय नाही हे त्याच्याच शिकवणीतून आलेलं आहे, पण तोच सांगायचा की भाऊ तुझ्याशी कसा वागतो ते तुझ्या हातात नाही, तू भाऊ म्हणून कसा वागतो ते आहे. म्हणजे दुसऱ्याचं मत तुझ्या हातात नाही म्हणून सोडलं ते ठीक, पण तुझा वाटा तर तुझ्याच हातात होता, तो पण सोडला का?

तू पत्रात लिहिलं नाही पण मी विचारते, प्रोजेक्टचं तुझं काम कोणी केलं? त्यांनी रात्री फोन केले आणि तू शांत राहायचं म्हणून उचलले नाहीत असं तर झालं नाही न? प्रिंटचे, पार्ट्सचे पैसे कोणी भरले? हे आधी नीट आठव. देणं निघत असेल तर आजच दे, राहिलेलं काम तू घे आणि मग दोघांना टपरीवर चहाला बोलाव, त्यांना जे बोलायचं ते पूर्ण बोलू दे, मधे तोडू नको. खोटं असेल ते तुला लागणार नाही, खरं असेल ते लागेल, आणि लागलं तर तिथेच कबूल कर. एवढं करूनही ते नाही बोलले तर मला परत लिही.